कॅमेरा डोळ्याने नव्हे, हाताने पारखा

राजूर ही अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील महत्त्वाची बाजारपेठ. आसपासच्या वाड्यापाड्यांतील लग्नसराई, डांगी जनावरांचे प्रदर्शन, भंडारदऱ्याकडील पर्यटक आणि पावसाळ्याच्या तोंडावर येणारा काजव्यांचा हंगाम यांवर येथील फोटोग्राफर बांधवांची भिस्त. घरगुती फोटोंचा धंदा मोबाईलने केव्हाच खाल्ला. त्यामुळे टिकून राहायचे तर आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस कॅमेरा घ्यावा, असा विचार अनेकांच्या मनात आहे. रक्कम मोठी, तीही बहुधा हप्त्याने फेडायची. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो. आम्ही म्हणतो, आधी बटणे पाहा.

कारागीर बांधवांना हे समजावण्याची गरज नाही. रंधा किंवा कात्री हाताला बसत नसेल तर पोलाद कितीही उत्तम असो, काम बिघडते. निकाहातील कबुलीचा क्षण असो की मंगलाष्टकांनंतरच्या अक्षता, तो क्षण एकदाच येतो. त्या वेळी फोटोग्राफर मेनू चाळत बसला तर फोटो गेला आणि पुढचे गिऱ्हाईकही गेले.

कंपन्यांना हे ठाऊक आहे. १९८६ साली कॅननने टी-९० हा फिल्मचा कॅमेरा काढला. त्याचा हातात बसणारा गोलसर आकार घडवण्यात जर्मन डिझायनर लुइजी कोलानी यांचा हात होता. तर्जनीने फिरवायचे त्याचे चाक आजही बहुतेक कॅमेऱ्यांवर दिसते. उलट २०१८ च्या ईओएस आर या मिररलेस कॅमेऱ्यावर बोट सरकवण्याची एक पट्टी दिली होती. नकळत बोट लागून ती चालते, अशी ओरड झाली. २०२० च्या आर-५ आणि आर-६ वर ती पट्टी नाही.

आज बाजारात दोन तऱ्हा दिसतात. फुजीफिल्म एक्स-टी-५ (२०२२) आणि निकॉन झेड-एफ (२०२३) यांवर आकडे कोरलेल्या तबकड्या आहेत. कॅमेरा बंद असतानाही शटर व आयएसओ किती ठेवले ते दिसते. शिकाऊ मुलाला हे सोपे जाते. मात्र झेड-एफची पुढची बाजू जवळपास सपाट आहे. जड लेन्स लावून तासन्‌तास उभे राहायचे तर वेगळी मूठ जोडावी लागते.

दुसरी तऱ्हा सोनी ए-७-४ (२०२१) व कॅनन आर-६ मार्क दोन (२०२२) यांची. यांची मूठ खोल आहे, चाकांवर आकडे नाहीत, पण आपली मांडणी साठवण्यासाठी तबकडीवर तीन जागा आहेत. एकीवर मांडवातला उजेड, दुसरीवर बाहेरचे ऊन अशी मांडणी ठेवली की एका फिरकीत काम होते. लग्नाच्या धावपळीसाठी ही तऱ्हा आम्हाला अधिक सोयीची वाटते.

एक सावधगिरी हवी. जुन्या आर-६ वर डावीकडे चालू-बंदचा खटका होता. मार्क दोनमध्ये तेथे फोटो-व्हिडिओचा खटका आला आणि चालू-बंद उजवीकडे गेला. सवयीने बोट डावीकडे गेले तर फोटोऐवजी व्हिडिओ सुरू व्हायचा. म्हणून दोन कॅमेरे बाळगणाऱ्याने शक्यतो एकाच मांडणीचे घ्यावेत.

खरेदीपूर्वी चार गोष्टी कराव्यात. आपण वापरणार तीच लेन्स लावून कॅमेरा दहा मिनिटे हातात धरावा. आर-६ मार्क दोन ६७० ग्रॅमचा, त्याची २४-७० ची एफ २.८ लेन्स ९०० ग्रॅमची, म्हणजे दीड किलोच्या वर वजन. करंगळीला आधार मिळतो का ते पाहावे. दुसरे, डोळा न काढता आयएसओ, शटर व फोकसचे बटण बोटांना सापडते का ते तपासावे. काजव्यांच्या अंधारात कोरलेले आकडे दिसत नाहीत, तेथे बोटांची ओळखच कामी येते. तिसरे, पिशवीतून काढताना तबकडी आपोआप फिरत नाही ना, तिला कुलूप आहे का, हे पाहावे. चौथे, जुना कॅमेरा घेत असाल तर प्रत्येक चाक सावकाश फिरवावे. आकडे मध्येच उड्या मारत असतील किंवा मुठीचे रबर सुटले असेल तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करावा.

नव्या कॅमेऱ्यावर पहिली सुपारी घेण्याआधी घरी आठवडाभर सराव करावा. हप्ता कॅमेरा भरत नाही, त्यावर चालणारा हात भरतो.