वॉरंटी डब्याची, अक्षरांची नव्हे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि आली ती जोरातच. टेबलाखालून 'फट्' असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि माझा कॉम्प्युटर मुका झाला. बारा वर्षांच्या कविता त्यात होत्या. शिवाय अम्मीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. अम्मी आता नाही. त्या ओव्या पुन्हा कोण सांगणार?

भाचा धावत आला. वास घेऊन म्हणाला, "मामू, एसएमपीएस गेलाय. ओव्या बहुतेक शाबूत असतील."

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीतला, पंखा असलेला लोखंडी डबा. आपल्या घरात 230 व्होल्टची वीज येते आणि ती सतत दिशा बदलत असते. कॉम्प्युटरच्या नाजूक भागांना मात्र 12, 5 आणि 3.3 व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. धरणाचे पाणी आपण थेट रोपावर सोडत नाही, पाटाने बेताबेताने आणतो. तेच काम हा डबा करतो. विजेचे चढउतार, अर्थिंगचा अभाव, धुळीने तुंबलेला पंखा ही त्याच्या आजारपणाची नेहमीची कारणे. उष्णतेने आतले कपॅसिटर फुगतात आणि एके दिवशी दगा देतात.

बटण दाबूनही दिवा लागत नसेल, पंखा फिरत नसेल, तर आधी भिंतीवरचा प्लग आणि केबल तपासावी. जळका वास आला असेल तर मात्र पुन्हा बटण दाबू नये, प्लग काढून ठेवावा. आणि डबा स्वतः उघडू तर मुळीच नये. वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. शिवाय स्टिकर फाटले की वॉरंटीही जाते.

मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "चाचा, घेऊन दोन वर्षं झाली. वॉरंटी वर्षाचीच." मी परत फिरणार होतो. भाच्याने बिल पुढे केले. दुकानातून भाग जुळवून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, हे मला तेव्हा कळले. एसएमपीएसची वॉरंटी तीन वर्षांची होती. डब्यावरचा सिरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळला आणि दुकानदाराचा सूर बदलला. त्याने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला. तिथे डबा दिला आणि तक्रार क्रमांकासह पावती घेतली. अठरा दिवसांनी दुसरा डबा मिळाला. त्याची वॉरंटी मात्र नव्याने सुरू झाली नाही, जुन्याची उरलेलीच लागू झाली. बहुतेक ठिकाणी हाच नियम असतो.

म्हणून बिल जपावे. हल्लीच्या बिलांची शाई वर्षभरात उडून जाते, तेव्हा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वॉरंटी असूनही कोणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. तक्रारीला कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही.

आता ओव्यांचे. डबा देण्याआधीच भाच्याने हार्ड डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर अम्मीची पहिली ओवी दिसली, तेव्हा मी चष्मा पुसण्याचे निमित्त केले. पण दरवेळी असे नशीब साथ देत नाही. विजेच्या एका धक्क्याने डिस्कही जाऊ शकते. कंपनी फार तर डिस्क बदलून देते, तिच्यातले लिखाण नाही. संपूर्ण पेटी दुरुस्तीला द्यायची असेल, तर शक्य असल्यास आधी नक्कल काढून घ्यावी.

आता माझ्या ओव्या तीन जागी आहेत : कॉम्प्युटरमध्ये, भाच्याकडच्या डिस्कवर आणि एका वहीत. वहीला वीज लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)