एक घाट, दोन जिल्हे आणि पाच वर्षांचं शिक्षण

43,663. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातली एवढी गावं मोजली गेली. त्यांतून वरंध शोधायला किती वेळ लागतो? ऑनलाइन सातबारा काढायला बसलेला माणूस 36 जिल्ह्यांतून रायगड निवडतो, रायगडच्या 15 तालुक्यांतून महाड, मग गाव आणि गट नंबर. पहिल्या दोन निवडींतच हजारो गावं बाजूला पडतात आणि एका तालुक्याची यादी उरते. राज्यातल्या 358 तालुक्यांचा हिशेब धरला, तर सरासरी 122 गावांची.

ही उतरंड महसूल खात्यात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. तलाठ्याच्या दप्तरात 21 गावनमुने असतात. हक्क कुणाचा ते सातमध्ये, पीक कोणतं ते बारामध्ये, फेरफार सहामध्ये, खातं आठ-अमध्ये. कुठली माहिती कुठे ठेवायची आणि शोधणाऱ्याला तिथवर कसं न्यायचं, हाच माहिती-रचनेचा, म्हणजे इन्फर्मेशन आर्किटेक्चरचा, गाभा.

उतरंड कुठे तुटते तेही वरंधलाच दिसतं. इथल्या घाटाची एक बाजू भोरची, म्हणजे पुणे जिल्हा आणि पुणे विभाग. दुसरी महाडची, म्हणजे रायगड आणि कोकण विभाग. पावसाळ्यात घाट बंद ठेवायचा आदेश दोन्हीकडचे जिल्हाधिकारी आपापल्या हद्दीपुरता काढतात. रस्ता एक, पण त्याची खबर दोन ठिकाणी. त्यात कुणी ‘वरंध घाट’ लिहितं, कुणी ‘वरंधा घाट’. पुन्हा 1981पर्यंत रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. त्यामुळे आजोबांच्या खरेदीखतावर ‘जिल्हा कुलाबा’ असतं आणि मुंबईला असलेला नातू शोधतो ‘रायगड’. ग्रंथालयाच्या तालिकेत अशा वेळी एक साधी नोंद करतात: ‘कुलाबा – पाहा रायगड’. एवढी एक ओळ जोडलेली असली, तर त्या नातवाची खेप वाचते.

ही ओळ लिहायला ग्रंथालयशास्त्रात शिकवतात, आणि माहिती-रचनेचं मूळही तिथेच आहे. रिचर्ड सॉल वर्मन या वास्तुविशारदाने 1976मध्ये ‘माहितीचं आर्किटेक्चर’ ही कल्पना मांडली. पण 1998मध्ये वेबसाठी या विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलं ते लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मॉरव्हिल यांनी. दोघेही मिशिगन विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्र शिकलेले. खरेदीच्या ॲपवर आपण किंमत, रंग, माप असे चाळण्यांचे पर्याय निवडतो. एकाच वस्तूकडे अनेक अंगांनी पाहणारी अशी पद्धत ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1933च्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकांसाठी बसवली होती. त्याच्याही आधी, 1910मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बडोद्याला आणलं आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला.

आज आपल्याकडे माहिती-रचनेच्या नावाची पाटी विद्यापीठांच्या विभागांवर सहसा दिसत नाही. ती शिकायच्या वाटा दोन आहेत. पहिली ग्रंथालय व माहितीशास्त्राची: पदवीनंतर बहुतेक ठिकाणी एक वर्ष बी.लिब., एक वर्ष एम.लिब. मुंबई, पुणे, एसएनडीटी इथे ती आहे. दुसरी डिझाइनची: आयआयटी मुंबईत 1969पासून असलेल्या आयडीसीसारख्या संस्थेत दोन वर्षांचं एम.डेस. त्यासाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते. तिला वयाची अट नाही आणि ती कितीही वेळा देता येते. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका मात्र हवी.

तीन वर्षांची पदवी धरली तर दोन्ही वाटांना बारावीनंतर पाचच वर्षं. तरीही महाड-पोलादपूरच्या मुलामुलींनी ग्रंथालयशास्त्राचा विचार आधी करावा, असं मला ठामपणे वाटतं. पडदा कसा दिसावा, बटण कुठे असावं, हे कामावरही बरंच शिकता येतं. पण एका गावाची दोन नावं, एका माणसाच्या नावाची तीन स्पेलिंगं आणि दोन जिल्ह्यांत विभागलेला एक रस्ता यांची सांगड घालायला वर्गीकरणाचा सराव लागतो, आणि मराठी नोंदींवर तो सराव बाहेरचा कुणी आपल्यासाठी करणार नाही. एम.लिब.च्या प्रबंधिकेला विषय हवाच असतो. महाड तालुक्यातल्या गावांची, वाड्यांची आणि घाटांची जुनी-नवी नावं एकमेकांना जोडणारी सूची, हा विषय एखाद्या विद्यार्थिनीने पुढच्या जूनमध्येच मागून घ्यावा.