टॉप गिअरची सवय: व्ही-ट्विन हळू कशी चालवायची

आजचा विषय वेगाचा नाही, हळू जाण्याचा आहे. आपल्या नवी मुंबईत मोठी गाडी घेतली जाते ती पाम बीच रोड डोळ्यासमोर ठेवून; पण रोज गाठ पडते ती तुर्भे नाक्याशी. ट्रकांच्या रांगेत ताशी पाच किलोमीटरने सरकायचं असतं, आणि नेमकी तिथेच व्ही-ट्विन गचके खायला लागते. मग लोक गॅरेज गाठतात. बहुतेक वेळा बिघाड गाडीत नसतो, आपल्या सवयीत असतो.

ही सवय कुठून आली? आपण बहुतेक जण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर शिकलो. घरच्यांनी एकच मंत्र दिला: "लवकर टॉपला टाक, पेट्रोल वाचतं." त्या गाडीवर ते चालून जातं, कारण तिचा टॉप गिअरही आखूड असतो. तिशीच्या वेगालाही तिचं इंजिन आरामात फिरत असतं. मोठ्या गाडीचे गिअर हायवेसाठी लांब ठेवलेले असतात.

एक सोपा हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेत, प्रत्येक गाडीचे वेगळे असतील. मागच्या चाकाचा घेर 2 मीटर धरा. पहिल्या गिअरमध्ये इंजिन 10 वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं, असं समजा. इंजिन नुसतं सुरू असताना मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर चाक 100 फेरे घेणार, म्हणजे मिनिटाला 200 मीटर. ताशी 12 किलोमीटर! क्लच पूर्ण सोडला तर गाडीला याहून हळू जाताच येत नाही. आता टॉप गिअर घ्या, तिथे हेच प्रमाण 4 धरा. ताशी 30च्या वेगाला इंजिन जेमतेम 1000 फेऱ्यांवर येतं. त्यात तुम्ही ॲक्सिलरेटर पिळलात, तर ते ठोकणारच.

त्यात व्ही-ट्विनचा स्वतःचा स्वभाव आहे. हार्ले-डेव्हिडसनने पहिलं व्ही-ट्विन 1909 साली काढलं. त्यांच्या नेहमीच्या इंजिनात दोन सिलिंडरमध्ये 45 अंशांचा कोन असतो आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात. त्यामुळे एक स्फोट झाला की दुसरा 315 अंशांनी होतो आणि त्यानंतरचा 405 अंशांनी. म्हणजे अंतर सारखं नाही. तो लंगडा, ओळखीचा आवाज यातूनच येतो. डुकाटीच्या 90 अंशांच्या इंजिनात हे अंतर 270 आणि 450 होतं. इंजिन जोरात फिरत असताना हा फरक जाणवत नाही. पण 1000 फेऱ्यांवर प्रत्येक धक्का वेगळा कळतो, आणि दोन धक्क्यांच्या मधे चेन किंवा बेल्ट सैल पडून पुन्हा ताणला जातो. आपल्याला बसतो तो गचका हाच.

मग करायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, खालचा गिअर. गर्दीत पहिला किंवा दुसरा, आणि टॉप गिअर मोकळ्या रस्त्यासाठी राखून ठेवा. मायलेज थोडं कमी मिळेल, पण इंजिनाचे हाल होणार नाहीत.

दुसरी, हाफ क्लच. क्लच जिथे पकडायला लागतो, ती जागा बोटांना पाठ झाली पाहिजे. "क्लच जळेल ना?" असं नेहमी विचारतात. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. इंजिनाचे फेरे कमी ठेवून थोडा वेळ घसरू दिला तर तो सहन करतो. जोरात रेस देऊन घसरवला तर मात्र जळतो. काही जुन्या डुकाटींचा क्लच कोरडा असतो, तिथे जपून.

तिसरी, मागचा ब्रेक. ॲक्सिलरेटर किंचित उघडा आणि स्थिर ठेवायचा, वेग मागच्या ब्रेकने हलका दाबून आवरायचा. त्याने चेन ताणलेली राहते आणि गाडी सरळ उभी राहते.

हे आम्ही चूक करून शिकलो. बेलापूरच्या किल्ले जंक्शनला यू-टर्न घेताना आमच्यातला एक जण दुसऱ्या गिअरमध्ये होता. गाडी गचकली. घाबरून त्याने क्लच पूर्ण दाबला आणि पुढचा ब्रेक धरला. हँडल वळलेलं, चाकाला ओढ नाही, त्यात पुढचा ब्रेक! सव्वादोनशे किलोची गाडी जागेवर आडवी झाली आणि घोटा तिच्याखाली आला. सहा आठवडे प्लास्टर. तेव्हा वेग ताशी दहाही नव्हता. म्हणून लक्षात ठेवा: हळू वळताना क्लच अर्धवटच ठेवायचा, पुढचा ब्रेक सोडून द्यायचा आणि नजर चाकापुढे न ठेवता जिथे जायचंय तिथे ठेवायची. गाडी कलायला लागली तर क्लच जरा सोडा. चाकाला ओढ मिळाली की ती उभी राहते.

सराव कुठे करायचा? परवानगी घेऊन एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये. पंधरा मिनिटं चालण्याच्या वेगाने सरळ रेषा, मग मोठे गोल, मग लहान गोल. मधे थांबून इंजिन निवू द्या. पुढेमागे सिलिंडर असलेल्या इंजिनात मागच्याला वारा कमी लागतो, आणि ती धग थेट आपल्या मांडीला कळते.

पाऊस सुरू व्हायच्या आत हे हाताला बसवा. ओल्या रस्त्यावर, मागे कुणी बसलेलं असताना शिकायची ही गोष्ट नाही. पाम बीचवर ऐंशीने गाडी कुणीही नेतो. तुर्भे नाक्यावर पाय न टेकता पाचने नेता आली, की गाडी आपली झाली.