नकाराची तालीम

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे अपंगांचे वर्ष म्हणून घोषित केले, आणि त्याच सुमारास मुंबईत कांचन सोनटक्के यांनी ‘नाट्यशाला’ स्थापन करून मूकबधिर, अंध आणि तत्कालीन परिभाषेत ‘मतिमंद’ म्हटल्या जाणाऱ्या मुलांना रंगमंचावर आणले. तेव्हापासूनचा हा चार दशकांहून दीर्घ काळ हिंगोलीत बसून न्याहाळताना माझे चित्त स्थिरावते ते त्या मुलांतील मुलींवर, आणि प्रयोगाहूनही तालमीवर.

त्याचे कारण १९९४ सालात आहे. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील काही मतिमंद मुलींची गर्भाशये, पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही या सबबीखाली, पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा तो प्रकार थांबला खरा, परंतु ज्यांच्या देहाविषयी सरकारदरबारी आणि वर्तमानपत्रांत एवढा खल झाला, त्या मुलींचा स्वतःचा शब्द त्या साऱ्या कोलाहलात ऐकू आला नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा २००९ सालचा.

मात्र संमती किंवा नकार उच्चारण्याची सवय न्यायालयाच्या हुकुमाने लागत नाही, ती तालमीत लागते. स्वमग्न मुलीला अनपेक्षिताचे भय असते. नाटकात कोण कोठून येणार, कोणत्या शब्दानंतर आपली पाळी, हे सारे आधीच ठरलेले असते, आणि त्या निश्चितीच्या आश्रयाने ‘हात लावू नको’ हे वाक्य ती पुनःपुन्हा, मोठ्याने, समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहताही म्हणू शकते. जिला बोलताच येत नाही, तिने तळहात पुढे करून समोरच्या पात्राला थांबवावे आणि ते पात्र खरोखर थांबावे. आपल्या इच्छेने दुसरा माणूस थांबतो, हा अनुभव अशा अनेकींना आयुष्यात प्रथमच येत असेल.

अशा मुलींची दखल कायद्यानेही उशिराच घेतली. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. ते आले १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ते पक्के झाले. मुलींच्या बाबतीत तर निदानच लांबते, कारण गप्प राहणारी मुलगी आपल्याकडे सालस ठरते.

आज राज्य शासनाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धा आहे, ही समाधानाची बाब; तथापि स्पर्धेचा डोळा निकालावर असतो, आणि सेनगाव किंवा कळमनुरीच्या खेड्यातील आईला मुलीला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. म्हणून तालीमच गावात न्यावी. नामदेवांच्या नर्सीचा हा मुलूख भारुड जाणतो. भारुडाचे पालुपद तर जिला संवाद पाठ होत नाहीत तीही धरू शकते. विशेष शिक्षक ज्या दिवशी गावात येतात, त्याच दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक खोली तासभर अशा तालमीसाठी मोकळी ठेवावी, आणि मुलीच्या आईबरोबर तिच्या भावालाही तेथे बसवावे.