औषध की समुपदेशन? प्रश्न एका घराचा नाही

"गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत म्हणे!" सासूबाई म्हणतात.

"अगं आई, नुसतं बोलून कुणी बरं होतं का?" मुलगा उत्तर देतो.

आणि जिच्याबद्दल हे बोलणे चालले आहे ती सून कणकेच्या परातीपुढे गप्प बसलेली असते. तीन महिने झाले, तिला पहाटे तीनला जाग येते, दारात रांगोळी काढावीशी वाटत नाही, मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष लागत नाही. म्हैसूर असो वा मिरज, असे दृश्य अनेक घरांत दिसते.

या प्रश्नाशी म्हैसूरचे जुने नाते आहे. म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग 1924 साली सुरू झाला. लंडनला स्पीअरमन यांच्याकडे शिकून आलेले डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी त्याचे प्रमुख होते. याच गोपालस्वामींनी 1935 मध्ये म्हैसूरला 'आकाशवाणी' नावाचे नभोवाणी केंद्र सुरू केले होते. पुढे म्हैसूर राज्याच्याच बंगळूरमधील मनोरुग्णालयाच्या जोडीला 1954 मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तेथे 1955 पासून मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ एकाच आवारात शिकू लागले. 1974 मध्ये या दोहोंतून आजची 'निम्हान्स' साकारली. म्हणजे औषध देणारा आणि संवादातून उपचार करणारा, हे दोघे आपल्याकडे पहिल्यापासून शेजारी आहेत. भांडण आहे ते आपल्या मनात.

दोन वाटा, दोन कामे

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. औषध लिहून देण्याचे काम त्याचे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही; ठरावीक पद्धतीने, ठरावीक बैठकांतून तो विचार, भावना आणि वागणे यांची गाठ सोडवायला मदत करतो. 'सगळे माझ्यामुळेच बिघडते' असा विचार आला की तो खरा आहे का, हे पडताळून पाहायला तो शिकवतो. अशा उपचारात साधारण आठवड्याला एक याप्रमाणे बारा ते सोळा बैठका होतात. शेजारणीजवळ मन मोकळे केल्याने बरे वाटते खरे, पण तो उपचार नव्हे.

औषधांबद्दलचे गैरसमज फार. उदासीनतेवरील गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या एकाएकी थांबवल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होऊ शकतो. म्हणून त्या हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करायच्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते आणि नेमके तेव्हाच अनेकजण औषध सोडतात! पहिल्यांदाच आजार झाला असेल, तर बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात. सवय लागण्याची भीती खरी आहे ती झोपेच्या व चिंताशामक गोळ्यांपैकी काहींबाबत. दुकानातून परस्पर आणून त्या घेत राहणे धोक्याचे.

कोणाला काय?

आजार सौम्य असेल, तर आधी मानसोपचाराच्या बैठका करून पाहणे योग्य. तो मध्यम किंवा तीव्र असेल, जेवणझोप उडाली असेल, तर औषध आणि बैठका दोन्ही मिळून अधिक उपयोगी पडतात. मंत्रचळ, म्हणजे पुन्हापुन्हा हात धुणे किंवा कुलूप तपासणे, यातही दोन्हींचा उपयोग होतो. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद व उदासीनता आलटून पालटून येणाऱ्या आजारात मात्र औषधाला पर्याय नाही. तेथे समुपदेशन जोडीला असते, बदली नसते. आणि कधी मुळात दुखणे मनाचे नसतेच. थायरॉईडचा दोष किंवा रक्तक्षय असला तरी माणूस मलूल होतो. म्हणून साधी रक्ततपासणी आधी करावी.

जाण्यापूर्वी हे विचारा

निदान काय आहे? औषध किती दिवस? दुष्परिणाम कोणते? गरोदर असल्यास किंवा अंगावर पाजत असल्यास चालेल का? मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद आहे का? बैठकीचा खर्च किती? खाजगी बैठका परवडत नसतील तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जावे. म्हैसूरला वैद्यकीय महाविद्यालयाच्या कृष्णराजेंद्र रुग्णालयात तशी सोय आहे. 2022 पासून 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठी आणि कन्नडमध्येही. जगण्याचा कंटाळा किंवा मरणाची भाषा कानी आली, तर औषध की समुपदेशन हा वाद बाजूला ठेवावा. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उशीर मात्र फार होतो. निम्हान्सने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळले, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. औषध चांगले की समुपदेशन, याचा खल करणाऱ्या घरात पुष्कळदा दोन्हींपैकी काहीच होत नाही.

आता त्या स्वयंपाकघराकडे वळू. सासूबाईंचे मत झाले, मुलाचेही झाले. सुनेला कोणी विचारले? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या व्यक्तीवर उपचार करायचे तर तिला नीट माहिती देऊन तिची संमती घ्यावी लागते. घरालाही हाच नियम शोभेल. परात बाजूला सारा, तिच्याजवळ बसा आणि विचारा, "तुला काय वाटतं? चल, मी येतो बरोबर." कोणती वाट घ्यायची, हे डॉक्टरांसमोर बसून तिला ठरवू द्या. पहिली चिठ्ठी काढायला मात्र कोणीतरी सोबत हवेच.