विश्लेषण : वारीतला मोबाइल वारकऱ्यांच्या कामी कसा येतो?

लाखो वारकरी, सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आणि अनेकांच्या पिशवीत स्मार्टफोन. फोटो, रील, लाइव्ह दर्शन हा त्याचा दिसणारा वापर. पण चुकामूक झालेल्या माउलीला दिंडीपर्यंत पोहोचवणे, खोटा मेसेज थांबवणे ही कामेही याच फोनवर होतात. ती नीट कशी करायची आणि गफलत कुठे होते?

मोबाइल नव्हता तेव्हा काय होते?

संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक दिंड्या चालतात. प्रत्येकीला क्रमांक असतो. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते तिचे टाळ मात्र वाजत राहतात आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. हरवले-सापडलेची माहितीही याच वेळी दिली जाते. ठरलेली वेळ, ठरलेला माणूस आणि सर्वांना एकच निरोप, ही ती पद्धत.

सोशल मीडियाने काय भर घातली?

काही तरुणांनी २०११ मध्ये ‘फेसबुक दिंडी’ सुरू केली. वारीला जाऊ न शकणाऱ्यांपर्यंत वाटेवरची छायाचित्रे पोहोचू लागली. याच माध्यमातून नेत्रदानासारख्या विषयांवर जनजागृतीही झाली. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी अनेकांसाठी ऑनलाइन दर्शन हीच वारी होती.

‘हरवले आहेत’ हा मेसेज कुठे चुकतो?

बहुतेकदा त्यावर तारीखच नसते. आजी सापडून घरी पोहोचल्या तरी फोटो फिरत राहतो आणि घरच्यांचा फोन वाजत राहतो. ‘सापडल्या’ हा निरोप तितका पसरत नाही. मग खऱ्या मेसेजकडेही लोक दुर्लक्ष करतात. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, पण जुना मेसेज ओळखण्याचे काम वाचणाऱ्यालाच करावे लागते.

त्यामुळे आधी जवळच्या पोलिसांना किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. मेसेजमध्ये तारीख, वेळ, ठिकाण आणि दिंडी क्रमांक लिहावा. संपर्कासाठी शक्यतो दिंडीप्रमुखांचा नंबर द्यावा. व्यक्ती सापडली की त्याच ग्रुपवर तसे लिहून मूळ मेसेज काढून टाकावा.

गर्दीत नेटवर्क का जाते?

एक मोबाइल टॉवर एका वेळी ठरावीक डेटाच वाहून नेतो. हजारो जण एकाच ठिकाणी व्हिडीओ पाठवू लागले की सगळेच अडकतात. अशा वेळी साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त असते. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येते, पण त्याला इंटरनेट आणि बॅटरी दोन्ही लागतात. म्हणून ज्येष्ठांच्या गळ्यात नाव, दिंडी क्रमांक आणि नातेवाइकाचा नंबर लिहिलेले ओळखपत्र असावेच. कागदाला चार्जिंग लागत नाही.

अन्नदानासाठी क्यूआर कोड आला तर?

स्कॅन केल्यावर दिसणारे खातेदाराचे नाव संस्थेचेच आहे का, ते पाहावे. शंका असल्यास ओळखीच्या विश्वस्तांना फोन करून विचारावे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

ग्रुपमध्ये काय ठरवावे?

निघण्यापूर्वीच दिंडीच्या ग्रुपवर एका व्यक्तीला चोपदाराची जबाबदारी द्यावी. निरोपाची खात्री करणे, तो सर्वांना कळवणे आणि काम झाले की तो थांबवणे, ही तिची तीन कामे. रोज मुक्कामी ठरलेल्या वेळी ग्रुप पाहायचा, एवढा नियम पाळला तरी दिवसभराच्या शेकडो फॉरवर्डमध्ये कामाचा निरोप हरवणार नाही.