दुकानांची साप्ताहिक सुट्टी

रविवारी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडावे आणि बाजारात निम्मी शटरे खाली दिसावीत, हा अनुभव इथे बसलेल्या बहुतेकांना असेल. सहा दिवस कचेरी किंवा कारखाना. घरच्या कामाला म्हणून सातवा दिवस मिळतो, आणि नेमका त्याच दिवशी चष्मेवाला बंद, शिवणयंत्र दुरुस्त करणारा बंद, नळाचे सामान विकणारा बंद. "ह्यांना धंदा करायचाच नाही," असे म्हणून आपण परत फिरतो. आम्हीही फिरलो आहोत, आणि हेच शब्द आमच्याही तोंडून निघाले आहेत. पण आमचे निम्मे आयुष्य दुकानांतल्या नोकरांच्या सभा भरवण्यात गेले असल्यामुळे त्या शटरामागे काय आहे हे आम्हाला थोडेफार ठाऊक आहे. ते श्रोत्यांपुढे मांडावे, एवढाच आजचा हेतू.

आठवड्यातून एक दिवस काम बंद, ही आपल्याकडची जुनी रीत नव्हे. पूर्वी विसावा होता तो तिथीचा. सुतार-लोहार अमावास्या पाळीत, बैलांना पोळा असे, आणि बाजारपेठ सणावाराला बंद राही. वाराची सुट्टी आली ती गिरण्यांच्या मागोमाग. मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्यात पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असेही त्यांनी त्या वेळी सांगितल्याचे म्हणतात. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा भरली, तिच्यात दोन कामगार स्त्रिया बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. आज आपण ज्या रविवारी दुपारी निवांत झोपतो, तो रविवार असा आला आहे.

मात्र हा रविवार गिरणीपुरता. गिरणीबाहेरच्या रस्त्यावर कापड दुकानात गाद्या-तक्क्यांमागे उभा राहणारा गुमास्ता, किराणा दुकानात पुड्या बांधणारा पोऱ्या, हॉटेलात कपबशा विसळणारा मुलगा, यांना तो मिळाला नाही. त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यात कायदा झाला १९३९ साली, आणि तो देशातला असा पहिलाच कायदा होता. म्हणजे मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली. जगातही क्रम हाच दिसतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने कारखान्यांतल्या साप्ताहिक विश्रांतीचा ठराव १९२१ साली केला; दुकाने व कचेऱ्या यांच्यासाठीचा ठराव यायला १९५७ साल उजाडले.

असे का व्हावे? दुकानदार गिरणीमालकापेक्षा दुष्ट होता म्हणून नव्हे. गिरणीत हजार माणसे एका भोंग्याला आत जातात आणि एका भोंग्याला बाहेर येतात. त्यांची सभा फाटकापाशीच भरते. दुकानात माणसे दोन. त्यांतला एक मालकाच्या गावचा, कित्येकदा त्याच्याच घरी जेवणारा आणि दुकानातच झोपणारा. हजारांनी काम थांबवले तर त्याला संप म्हणतात. दोघांनी थांबवले तर ते भांडण ठरते आणि संध्याकाळी दोघांचेही गाठोडे रस्त्यावर येते. तेव्हा जे गिरणीत संघटनेने झाले, ते दुकानात कायद्यावाचून होण्यासारखे नव्हते.

त्या कायद्याची जागा १९४८ सालच्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाने घेतली. लोक त्याला 'शॉप ॲक्ट' म्हणतात, आणि त्याच्या परवान्याला मुंबईत 'गुमास्ता' म्हणतात. बँकेत चालू खाते उघडायला गुमास्ता लागतो, एवढेच पुष्कळांना माहीत. ज्या माणसाच्या नावाने तो कागद ओळखला जातो, तो माणूस मात्र मागे पडला. असो. ह्या कायद्याने रोजचे काम नऊ तासांवर आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीसवर आणले. पण त्याचे खरे मर्म अठराव्या कलमात होते. प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद राहील, तो वार आधी ठरवून पाटीवर लावायचा, त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, आणि बंदच्या दिवशी मालकाने नोकराला कामावर बोलवायचे नाही. इतकेच नव्हे, तर नोकरानेही कामासाठी दुकानात जायचे नाही!

हे शेवटचे कलम प्रथम वाचले तेव्हा आम्हाला हसू आले नाही, कारण आम्ही त्या वेळी एका कापड दुकानात नोकर होतो. वय सोळा. दुकानावर पाटी होती, 'सोमवारी बंद'. सोमवारी सकाळी नऊला आम्ही तिघे मागच्या दाराने आत जात असू. पुढचे शटर खाली, आत दिवा. ठाणे उतरवायची, झटकायची, पुन्हा घड्या घालायच्या, उरलेल्या तुकड्यांची मोजदाद करायची. दुपारी दोनला सुटका. शेठ स्वभावाने वाईट नव्हते. सोमवारी ते आम्हाला भजी आणून देत, आणि भजी खाल्ल्यावर तोंड उघडायची लाज वाटे. एकदा बाहेरून कोणी शटर वाजवले तेव्हा दिवाणजींनी दिवा मालवला आणि आम्ही दहा मिनिटे अंधारात श्वास धरून बसलो. कायदा आमच्या बाजूचा आणि लपलो होतो आम्ही! नगरवाचनालयात जाऊन कायद्याचे ते पुस्तक मागण्याचे आमच्या मनात प्रथम आले, ते त्या अंधारात.

आता कोणी विचारील की नोकराला सुट्टी द्यायची तर द्यावी, सबंध दुकान बंद कशाला? प्रश्न रास्त आहे. समजा, एका पेठेत दहा भांड्यांची दुकाने आहेत. एकाने सोमवारी बंद ठेवले तर त्याचे गिऱ्हाईक शेजारी जाते, कदाचित कायमचे. म्हणून तो बंद ठेवीत नाही. शेजारीही त्याच भीतीने ठेवीत नाही. दहाही जण सातही दिवस बसतात आणि सात दिवसांत मिळून विकतात तेवढेच, जेवढे सहा दिवसांत विकले असते. कुकर सोमवारी मिळाला नाही म्हणून गिऱ्हाईक कुकरावाचून राहत नाही, ते मंगळवारी येते. सर्वांनी एकच वार पाळला तर नुकसान कोणाचेच नाही. पण तो वार पाळायला लावणारा कोणीतरी तिऱ्हाईत हवा. कायदा हा तो तिऱ्हाईत होता. म्हणूनच नोकर असो वा नसो, दुकान बंद ठेवण्याचा नियम सर्वांना सारखा होता. दूध, भाजी, औषधे यांची गोष्ट वेगळी. त्यांना निरनिराळ्या सवलती होत्याच.

आणि वार रविवारच हवा असेही नाही. कारखान्यातल्या माणसाला रविवार मोकळा, म्हणून त्याने खरेदी रविवारी करावी. मग दुकानातल्या माणसाने रविवार मागितला तर कामगारच कामगाराच्या आड येतो. ह्यातून बाजाराने वाट काढली. मुंबईच्या दादरला आणि पुण्याच्या लक्ष्मी रोडला सोमवार हा बंदचा वार झाला. तालुक्याच्या गावी आठवडा बाजार पाहून वार धरतात. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवणारा वाणी कोणी पाहिला आहे? तेव्हा रविवारी शटर खाली दिसले तर तक्रार जरूर करावी, पण ती 'वार बदला' अशी असावी, 'सुट्टी काढा' अशी नसावी.

ही व्यवस्था आता राहिलेली नाही. १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात नवा कायदा आला. त्याने दुकानाला वर्षाचे सगळे दिवस उघडे राहण्याची मुभा दिली आणि सुट्टी दुकानाची न ठेवता माणसाची केली: प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास. वाचायला हे चांगलेच आहे. चाळीस माणसांच्या मोठ्या भांडारात ते जमतेही. पाळीपाळीने पाच-सहा जण रजेवर गेले तरी गल्ल्यावर माणूस असतो. पण दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला ह्या कायद्यात फक्त सूचनेचा अर्ज द्यायचा असे ठरले. सुट्टीचे कलम त्याला लागू राहिले नाही. पुढे २०२५ साली ही मर्यादा विसावर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. आपल्या गावच्या बाजारात वीस माणसांचे दुकान कोणते, हे श्रोत्यांनी बोटांवर मोजून पाहावे. जिथे सुट्टी मिळणे सर्वांत अवघड, तिथूनच कायदा बाहेर पडला.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. आमच्या गल्लीत किराणा दुकान आहे. नवरा, बायको आणि एक पोरगा. आम्ही सुट्टीचा विषय काढला तेव्हा मालक म्हणाले, "अण्णा, तुमचं बरं आहे. मोबाइलवर रात्री बाराला साखर घरपोच येते. मी एक दिवस बसलो घरी, तर गिऱ्हाईक परत येईल का?" उत्तर द्यायला आम्ही तोंड उघडले, तोच आतून बाई म्हणाल्या, "भाऊ, ते राहू द्या. लग्न होऊन अठरा वर्षं झाली, माहेरी दोन दिवस राहिले नाही मी. मला मिळते का बघा तुमची सुट्टी." त्यांचे नाव कोणत्याच कायद्याच्या हजेरीपटावर नव्हते आणि नाही. सगळ्या दुकानांना एक वार लावणाऱ्या जुन्या नियमाचा फायदा त्यांनाही मिळे, हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले. तीस वर्षे ह्या विषयावर भाषणे करूनही आले नव्हते.

इथे एक गल्लत मात्र टाळावी. एप्रिल २०२१ मध्ये साथीमुळे राज्यात शनिवार-रविवार टाळेबंदी झाली तेव्हा व्यापारी चिडले, आणि ते चिडणे समजण्यासारखे होते. तो बंद होता, सुट्टी नव्हती. त्या दिवसांचा पगार किती नोकरांना मिळाला, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या दुकानात विचारावे.

अजूनही पुष्कळ पेठांतून जुना वार पाळला जातो, पण आता केवळ रीत म्हणून आणि व्यापारी संघाच्या शब्दावर. गेल्या वर्षी आमच्या गावी भांडी आळीतल्या चौदा दुकानदारांना आम्ही एकत्र बसवले. दोन तास वाद झाला. शेवटी गुरुवार ठरला आणि प्रत्येकाने पाटी रंगवून घेतली. तीन महिने नीट चालले. मग दिवाळीच्या तोंडावर एकाने अर्धे शटर वर ठेवले, त्याचे पाहून समोरच्याने ठेवले. बारा दुकाने अद्याप गुरुवारी बंद असतात. त्या दोघांकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. एकाने चहा पाजला, दुसऱ्याने पाजला नाही. येत्या गुरुवारी पुन्हा जाणार आहोत, आणि ह्या खेपेला सोबत त्या बारा जणांपैकी दोघे येतो म्हणाले आहेत.